नको म्हटलं की नको

हाइड्रुन क्लुसमानला आमच्या गावात कुणी भांडखोर म्हणणार नाही आणि गोडबोलीही म्हणणार नाही. वेझर नदीच्या वळणावरच्या आमच्या स्टेशनात ती छत्तीस वर्षं सिग्नलच्या केबिनमध्ये बसली. तिच्या चुकीनं एक मालगाडीसुद्धा कधी खोळंबली नाही, हे इथं सगळ्यांना ठाऊक आहे. ज्यांना ठाऊक नसेल त्यांना ती स्वतः सांगते.

केबिनमधलं बोलणं मोजूनमापून असायचं. अलीकडच्या स्टेशनानं पलीकडच्याला फोन करायचा, "गाडी ४३१२ घेता का?" तिकडून उत्तर, "गाडी ४३१२, हो." बस, एवढंच. मार्ग मोकळा नसला तर उत्तर यायचं, "नाही, थांबा." मग थांबायचं. पुन्हा पुन्हा फोन करून समोरच्याला भंडावून सोडायचं नाही. मार्ग मोकळा झाला की ज्यानं नाही म्हटलं, त्यानंच आपणहून फोन करायचा, "आता गाडी ४३१२, हो." या दोन वाक्यांवर शेकडो माणसांचे जीव टांगलेले असतात. त्यात संकोच, लाडीगोडी, मनात एक आणि ओठांवर एक, असल्या गोष्टींना जागाच नसते.

हाइड्रुननं हे बोलणं घरी आणलं आणि ते घरातच मुक्कामाला राहिलं. पाहुण्याला ती कॉफी एकदा विचारायची. हो म्हटलं तर कप पुढ्यात, नको म्हटलं तर किटली परत आत. तसे आम्ही इथले सगळेच थोडेफार असेच आहोत. माणूस नको म्हणाला की त्याला नको असतं, त्याच्या शब्दावर शंका घेणं म्हणजे त्याचा अपमान, असं आम्हाला लहानपणापासून शिकवतात. पण हाइड्रुन आमच्यातही टोकाची.

नवरा एकहार्ट गेल्यावर, आठ वर्षांपूर्वी, तिनं शाळेच्या यादीत नाव घातलं. दर जुलैत आमच्या हायस्कुलात परदेशातली मुलं तीन आठवडे जर्मन शिकायला येतात आणि गावातल्या घरांत राहतात. हाइड्रुनकडे मुलीची, वीबकेची, खोली रिकामीच होती. पहिल्या वर्षी ब्राझीलची एक बडबडी आली, मग पोलंडची, मग अमेरिकेची एक दांडगी मुलगी, जी फ्रीज उघडून उभ्या उभ्या चीज खायची. हाइड्रुनला त्या सगळ्या आवडल्या. हवं ते मागायच्या, नको ते सांगायच्या.

यंदा तैवानमधून सोळा मुलं आली. हाइड्रुनच्या वाट्याला आली पिन-यू त्साय. वय सोळा, लहान चणीची, केस कानामागे घट्ट अडकवलेले, आणि बोलताना दर वाक्याला मान लववायची. तिच्या आईचं पत्र आधीच आलं होतं, कुणाकडून तरी जर्मनमध्ये लिहून घेतलेलं. "आमची मुलगी पहिल्यांदाच घराबाहेर राहते आहे. तिला तुमच्या हवाली करतो." हाइड्रुननं ते पत्र फ्रीजच्या दारावर लावलं. हवाली या शब्दानं तिला जरा दडपल्यासारखं झालं होतं, पण अभिमानही वाटला होता.

पहिल्या संध्याकाळी तिनं टेबलावर आमचं नेहमीचं जेवण मांडलं. राय धान्याचा काळपट पाव, लोणी, दोन प्रकारचं चीज, हॅम, मुळा, काकडीचं लोणचं. पिन-यूनं पावाचा एक काप घेतला आणि तो बराच वेळ पुरवला.

"आणखी पाव?" हाइड्रुननं विचारलं.

"नको, धन्यवाद."

हाइड्रुननं पाव फडक्यात गुंडाळला, चीजवर झाकण ठेवलं, हॅम फ्रीजमध्ये गेलं.

"रात्री दुसरी दुलई लागेल?"

"नको, धन्यवाद."

दुलई कपाटात गेली. खिडकी तिरकी उघडी राहिली, कारण बंद खिडकीच्या खोलीत झोपणं आमच्याकडे जवळजवळ आजारपण समजतात.

"सकाळी शाळेपर्यंत सोडायला येऊ?"

"नको, नको, धन्यवाद."

दुसऱ्या दिवशी पोरगी रस्ता चुकून कागदाच्या कारखान्यापर्यंत गेली आणि वर्गात चाळीस मिनिटं उशिरा पोचली. हाइड्रुनला हे कळलं तेव्हा तिला नवल वाटलं. आपण विचारलं होतं की.

आठवडाभर तिनं वरच्या मजल्यावरच्या गुल्टेनपाशी मुलीचं कौतुक केलं. गुल्टेनचा नवरा चाळीस वर्षांपूर्वी आपला देश सोडून त्याच कागदाच्या कारखान्यात कामाला आला, तेव्हापासून ती इथलीच. दोघी जिन्यात भेटायच्या आणि पार्किंगवरून वर्षातून एकदा भांडायच्या. "काही मागणंच नाही गं तिचं," हाइड्रुन म्हणाली. "एक पाव खाते आणि समाधानी."

"एक पाव?" गुल्टेन म्हणाली. "सोळा वर्षांची पोर? माझी सून डाएटवर असते तेव्हासुद्धा दोन खाते."

"तिला नको असतो. मी विचारते रोज."

"बरं बाई," गुल्टेन म्हणाली, पण तिचं तोंड काही बरं म्हणत नव्हतं.

तो "एक पाव?" हाइड्रुनच्या डोक्यात जाऊन बसला. सोमवारी चादरी बदलताना उशीखाली तिला मुलीचं पावसाळी जॅकेट सापडलं, घडी न घातलेलं, आतून अजून कोमट. अंगात घालून झोपली होती की काय? आठवडाभर पाऊस, बारा अंश तापमान, पण दुलईला तर तिनंच नको म्हटलं होतं. खुर्चीवर मुलीचा पट्टा पडला होता. त्याला शेवटच्या भोकाच्या पुढे एक नवं भोक पाडलेलं होतं. वाकडं, नखं कापायच्या कात्रीनं पाडल्यासारखं. हाइड्रुन पट्टा हातात धरून पलंगाच्या काठावर बसली.

मनात एकेक शंका यायला लागली. जेवणाचा तिटकारा येणाऱ्या मुलींबद्दल तिनं टीव्हीवर पाहिलं होतं. ही त्यातलीच असेल का? पोटात जंत? की इथं कुणी छळतंय? त्या दिवसापासून तिनं स्वयंपाकघरातल्या वहीत वेळा लिहायला सुरुवात केली, केबिनमध्ये लिहायची तशा. ७.१२ निघाली. १५.४० आली. अर्धा पाव, काकडीच्या चार चकत्या. सफरचंद नको. लिहून काही होत नव्हतं, पण न लिहिता बसवत नव्हतं. पुन्हा विचारावं, असं मात्र तिच्या मनातही आलं नाही. विचारलं होतं आणि उत्तर मिळालं होतं.

बुधवारी दुपारी दीड वाजता फोन वाजला. बेन्ट्रुप सर, हायस्कुलात जर्मन शिकवणारे आणि या मुलांची व्यवस्था बघणारे, फार हळू आवाजात बोलत होते. आवाज हळू झाला की बातमी वाईट, हे हाइड्रुनला केबिनपासून माहीत होतं.

"क्लुसमानबाई, घाबरू नका. मुलगी सहलीत किल्ल्याच्या पायऱ्यांवर चक्कर येऊन पडली. आता ठीक आहे."

"पडली म्हणजे? डोक्याला लागलं?"

"गुडघा खरचटला. डॉक्टरांनी पाहिलं. ते म्हणाले, पोटात काही नाहीये तिच्या. कधीपासून नाहीये कोण जाणे." सर पुढे म्हणाले, "आम्ही तिला विचारलं. तैवानहून मुलांबरोबर आलेल्या मॅडमनीही विचारलं. ती म्हणते, क्लुसमानबाईंकडे सगळं फार छान आहे. एकच वाक्य, दहा वेळा."

"मग?"

"मग काय, तुम्हीच सांगा. माझ्याकडे सोळा मुलं आणि बत्तीस आईबाप आहेत. शुक्रवारी शाळा सुटली की मी तिला ब्रिंकमानांकडे हलवतो. तिथं दोन मुली आहेत, घर भरलेलं आहे. तुमच्याविरुद्ध कुणाची तक्रार नाही हो. मनाला लावून घेऊ नका."

मनाला लावून घेऊ नका म्हटलं की माणूस दुसरं काय करतो? हाइड्रुननं फोन ठेवला आणि फ्रीजच्या दारावरचं पत्र पुन्हा वाचलं. तिला आता सरांची भीती नव्हती, गावाच्या बोलण्याचीही फारशी नव्हती. भीती वाटत होती ती एका जुन्या वाक्याची. ते वाक्य तिच्या मुलीचं होतं.

वीबके लग्न होऊन ब्रेमेनला गेलेली. सहा वर्षांपूर्वी सातव्या महिन्यात तिचं मूल पोटातच गेलं. जावयानं फोन लावून दिला, वीबके फोनवर आली आणि काही बोलेना. हाइड्रुननं विचारलं, "येऊ का मी?" वीबके म्हणाली, "नको आई. आम्ही बघतो." हाइड्रुन म्हणाली, "बरं." मग ती अकरा दिवस फोनजवळून हलली नाही. बाजारात जायची ती धावत, आणि यायची ती धावत. नाही म्हणणाऱ्यानंच पुन्हा फोन करायचा असतो, आणि तिचा नियमावर विश्वास होता. तिकडे जावयाची आई कुणाला न विचारता बॅग घेऊन दारात उभी राहिली आणि महिनाभर तिथंच राहिली. नंतर, बऱ्याच नंतर, वीबके म्हणाली, "तू आली नाहीस." हाइड्रुन म्हणाली, "तूच नको म्हणालीस." वीबके म्हणाली, "हो, मीच म्हणाले. आई, तुला समोरचं माणूस दिसतच नाही गं." त्यानंतर फोन वाढदिवसाला आणि नाताळात. हवापाणी, तब्येत, ठेवते.

आणि आता ही दुसरी. वीबकेच्याच खोलीत, तिच्याच पलंगावर, हाइड्रुनच्या डोळ्यांसमोर वाळत चाललेली. शुक्रवारी मुलगी गेली की वीबके म्हणाली ते खरंच ठरणार होतं. हाइड्रुनच्या हाताशी दोन दिवस होते.

बुधवारी संध्याकाळी तिनं भात केला. आमच्याकडे भात भोकं पाडलेल्या पिशवीत भरलेला मिळतो, पिशवीसकट उकळायचा. तो शिजला म्हणजे एकेक दाणा दुसऱ्याशी अबोला धरल्यासारखा सुटा राहतो. पिन-यूनं ताटाकडे पाहिलं आणि तिचे डोळे भरून आले. आनंदानं की भाताच्या अवस्थेनं, कोण सांगणार. ती भराभर जेवली. हाइड्रुनला इतकं हायसं वाटलं की तिनं स्वतःचा घास तसाच ठेवला.

"आणखी भात?"

मुलीची नजर पातेल्यावर गेली, मग हाइड्रुनच्या चेहऱ्यावर, मग खाली. "नको, धन्यवाद."

हाइड्रुननं पातेलं उचललं. वहीत लिहिलं, भात, एक वाटी. आणि त्याखाली, का नको?

गुरुवारी दुपारी पाऊस थांबला. पिन-यू शाळेतून आली तेव्हा गुल्टेन जिन्यातच उभी होती, पिठाचे हात, कपाळावर केस. "दोघी वर या. ब्योरेक काढलंय आत्ताच." हाइड्रुन लगेच हो म्हणाली. मुलगी नको म्हणाली, तर गुल्टेननं तिचं दप्तर खांद्यावरून काढून घेतलं आणि स्वतःच वर घेऊन गेली. दप्तर गेलं म्हटल्यावर मुलीला जावंच लागलं.

वर टेबलावर परातभर ब्योरेक होतं. कागदासारखे पातळ पापुद्रे, आत पालक आणि खारट चीज, वरून तीळ. गुल्टेननं एक मोठा तुकडा मुलीच्या ताटलीत टाकला.

"नको, धन्यवाद."

"नको काय, घे."

"खरंच नको. पोट भरलंय."

"हे बघ बाळा, मी सकाळपासून लाटतेय. तू नाही खाल्लंस तर माझा नवरा खाईल, आणि त्याला डॉक्टरांनी बंद केलंय. तो मेला तर तुझ्या डोक्यावर."

मुलगी हसली. या घरी आल्यापासून हाइड्रुननं तिला हसताना पहिल्यांदा पाहिलं. मग तिनं तुकडा उचलला. मग दुसरा. गुल्टेन विचारत नव्हती, नुसती वाढत होती, आणि वाढता वाढता सुनेच्या कागाळ्या सांगत होती. तिसरा. चौथ्याला पोरीच्या गालाला तीळ चिकटले होते आणि ती श्वास घ्यायलाही थांबत नव्हती. हाइड्रुन आपली ताटली तशीच पुढ्यात ठेवून तिच्याकडे बघत राहिली. ही तिटकाऱ्यानं न जेवणारी मुलगी नव्हती. ही उपाशी मुलगी होती. अकरा दिवसांची उपाशी, आणि तेही फ्रीज भरलेल्या घरात.

पिन-यू हात धुवायला गेली तशी हाइड्रुन रागानं कुजबुजली, "तिनं दोनदा नको म्हटलं होतं. मी मोजलं."

"मग? तीनदा विचारल्याशिवाय कोण हो म्हणतं?"

"ज्याला हवं असतं तो म्हणतो."

"तुमच्यात." गुल्टेननं परातीवर फडकं टाकलं. "मी पहिल्यांदा तुझ्याकडे आले ते आठवतं? तू कॉफी विचारलीस. मी रीतीप्रमाणे नको म्हटलं. तू किटली उचललीस आणि आत घेऊन गेलीस. टेबलावर केक होता. चेरीचा. तोही आत गेला."

"तू नको म्हणालीस म्हणून."

"दोन वर्षं मी नवऱ्याला सांगायची, खालची बाई महा कंजूष. तिच्याकडे जायचं तर घरूनच खाऊन जा."

हाइड्रुनचा चेहरा पडला. "मग मला सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? मला वाढ म्हणून?" गुल्टेन म्हणाली आणि मोठ्यानं हसली. हाइड्रुन हसली नाही. तिचं लक्ष नळाच्या आवाजाकडे होतं. तो बंद होईपर्यंत ती तशीच बसून होती.

संध्याकाळी तिनं बटाट्याचं सूप केलं, त्यात सॉसेज कापून. पिन-यूनं एक वाडगा संपवला. चार ब्योरेकनंतरही तिनं वाडगा पावानं पुसून काढला होता, हे हाइड्रुनला आता दिसलं.

"आणखी?"

"नको, धन्यवाद."

हाइड्रुनचा हात झाकणावर गेला आणि तिथंच राहिला. दुसऱ्यांदा विचारणं तिच्या नियमात बसत नव्हतं. छत्तीस वर्षांत एकदाही तिनं नाही म्हटलेल्या मार्गावर गाडी सोडली नव्हती. कानशिलं तापली. हे चुकीचं आहे, या पोरीच्या शब्दाचा हा अपमान आहे, असं कुणीतरी आतून ओरडून सांगत होतं.

"घे आणखी थोडं," ती म्हणाली. आवाज चिरकला.

"खरंच नको."

तिसऱ्यांदा तिनं विचारलं नाही. डोळे मिटल्यासारखे करून तिनं पळी भरली आणि वाडग्यात ओतली. थोडं सूप टेबलावर सांडलं. दोघींनीही ते पुसलं नाही. पिन-यूनं चमचा उचलला आणि खायला लागली, आणि खाता खाता तिचे खांदे हळूहळू खाली आले. हाइड्रुननं आणखी एक पळी वाढली.

"तुला हवं होतं," ती म्हणाली.

मुलगी लाजली. "आमच्याकडे पहिल्यांदाच हो म्हटलं तर आजी हावरट म्हणते."

"मग मी विचारलं तेव्हा दुसऱ्यांदा हो म्हणायचंस."

"तुम्ही दुसऱ्यांदा विचारलंच नाही." ती शब्द जुळवत जुळवत बोलत होती. "एकदाच विचारायच्या, आणि लगेच सगळं उचलायच्या. मला वाटायचं, तुम्ही नुसतं विचारायचं म्हणून विचारता. मनातून तुम्हाला मी इथं नको आहे."

हाइड्रुन उठली, सिंकपाशी जाऊन पाठमोरी उभी राहिली आणि नळ सोडला. येऊ का मी? नको आई. बरं. हे बरं म्हणायला तिला किती वेळ लागला होता? एक सेकंदही नाही. तिकडे फोन कानाला लावून बसलेल्या पोरीला काय वाटलं असेल, हे सहा वर्षांत आज पहिल्यांदा तिच्या लक्षात आलं, आणि ती सिंकच्या कडेला धरून रडली. पाण्याचा आवाज होता म्हणून बरं. त्या रात्री तिनं दुलई न विचारता पलंगावर टाकली आणि खिडकीही लावून घेतली, ही आमच्या गावात मोठीच गोष्ट आहे.

शुक्रवारी चार वाजता बेन्ट्रुप सर गाडी घेऊन आले. पिन-यूची बॅग भरून दाराशी ठेवलेली होती. शाळेतून तसा निरोप होता आणि निरोप मोडणाऱ्यांतली ती नव्हती. हाइड्रुननं सरांना आत बसवलं आणि सगळं सांगितलं, भात, ब्योरेक, सूप. सर चष्मा पुसत ऐकत होते. त्यांना ते पटलं की नाही कळेना. शेवटी ते मुलीकडे वळले.

"पिन-यू, तुला ब्रिंकमानांकडे जायचंय का?"

"नको, धन्यवाद."

सरांनी मान हलवली, गाडीची किल्ली खिशात टाकली. ते आमच्यातलेच. "ठीक आहे तर. नको म्हणते ती. राहू दे इथं."

हाइड्रुनला हवं होतं तेच झालं होतं. गप्प बसली असती तर प्रश्नच मिटला असता. पण तिनं मुलीकडे पाहिलं. तेच वाक्य, तीच लववलेली मान, तोच आवाज. सूप नको म्हणाली होती तो आवाज आणि हा आवाज यांत तिला काही फरक करता येईना.

"सर, पुन्हा विचारा," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"यांच्या पहिल्या नकोला काही अर्थ नसतो. पुन्हा विचारा. तीनदा विचारा."

"अहो, ती तुमच्याकडेच राहीन म्हणतेय."

"ते नको मला वाईट वाटू नये म्हणूनही असेल. विचारा तुम्ही. मी बाहेर थांबते."

ती खरंच बाहेर जिन्यात जाऊन उभी राहिली. दार पुरतं लागलं नव्हतं. आत सर विचारत होते, ब्रिंकमानांकडे दोन मुली आहेत, कुत्रा आहे, जायचं का? उत्तर ऐकू येईना. हाइड्रुननं कठडा घट्ट धरला. मग सरांचा आवाज तिसऱ्यांदा, जरा वैतागून, "पक्कं सांग बाळ, कुणाला राग येणार नाही." वरून गुल्टेन वाकून बघत होती आणि हातानंच काय झालं म्हणून विचारत होती. हाइड्रुननं तिला हातानंच गप्प केलं.

मग बॅगेच्या चाकांचा आवाज आला. दार उघडलं. बेन्ट्रुप सर एकटेच बाहेर आले, हात मोकळे.

"तिनं बॅग परत आत नेली," ते म्हणाले. "तिसऱ्यांदा विचारल्यावर मला म्हणाली, क्लुसमानबाईंना आताच वाढायला जमायला लागलंय." त्यांनी डोकं खाजवलं. "कमाल आहे. बाकीच्या पंधरा जणांनाही आता पुन्हा विचारावं लागणार मला." आणि ते घाईनं खाली उतरले.

शनिवारी सकाळी पिन-यू तीन पाव खाऊन गुल्टेनकडे लाटायला शिकायला गेली. घर शांत झाल्यावर हाइड्रुननं फोन उचलला, ठेवला, पुन्हा उचलला. वाढदिवस नव्हता आणि नाताळही नव्हता.

"आई? काय झालं?" वीबकेचा आवाज घाबरलेला.

"काही नाही. सहज केला." मग तिनं विचारलं, "येऊ का मी तुझ्याकडे?"

"कशाला आई? नको. एवढ्या लांब कुठं येतेस."

बरं, हा शब्द हाइड्रुनच्या जिभेवर आला होता. सवयच ती. तिनं तो गिळला. फोनची वायर बोटाभोवती इतकी आवळली होती की बोट पांढरं पडलं.

"तरी येऊ का?"

"अगं, काही गरज नाहीये. आम्ही ठीक आहोत."

"माहीत आहे. गरज नाहीये." हाइड्रुननं वायर सोडली. "मला यायचंय, वीबके. तेव्हाही यायचं होतं. अकरा दिवस मी फोनपाशी बसून होते. मी पुन्हा विचारायला हवं होतं. आता विचारतेय. येऊ?"

हाइड्रुनला वाटलं, ठेवला फोन. मग वीबकेनं नाक ओढल्याचं ऐकू आलं, लहानपणी ओढायची तसंच.

"सहा वर्षं लागली तुला," वीबके म्हणाली. आणि मग, "कितीच्या गाडीनं येशील?"

आमच्या स्टेशनातून सुटणारी प्रत्येक गाडी हाइड्रुनला तोंडपाठ आहे, सुट्टीच्या दिवसांच्यासुद्धा. त्या क्षणी तिला एकही आठवेना.